फिल्मची कड कापू नका

आकाशातून घेतलेलं जुनं चित्र समोर आलं की जो तो आधी आपलं घर शोधतो. ते सापडत नाही. शोधायची असते न हललेली खूण. आदिलाबादच्या बाजूला अशा खुणा मोजक्याच, पण भरवशाच्या आहेत: जैनथचं दगडी देऊळ, मुदखेडहून येणाऱ्या रेल्वेची वळणं, पैनगंगेला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडं. सातनाला धरणाचा मात्र उपयोग नाही. ते नंतरचं. चित्रात नुसता नाला वाहतो.

मी काम करतो ते 'कोरोना'च्या पट्ट्यांवर. हे अमेरिकेचे हेर-उपग्रह १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर चित्रं घेत. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडत आणि विमान ती हवेतच आकड्यात अडकवून घेई. २२ फेब्रुवारी १९९५ रोजी ही आठ लाख साठ हजारांहून अधिक चित्रं गुप्ततेतून मोकळी झाली. मूळ फिल्म तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली आणि एक प्रत भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या सू फॉल्सजवळच्या केंद्रात राहिली. व्यवस्था साधी आहे. तुम्हाला हवी ती पट्टी कुणी स्कॅन करून घेतली नसेल, तर तीस डॉलर भरायचे. एकदा स्कॅन झाली की ती सगळ्या जगाला फुकट. म्हणजे तीस डॉलर एकजण भरतो आणि चित्र सगळ्यांचं होतं.

पट्टी सत्तर मिलिमीटर रुंद आणि पाऊण मीटर लांब. स्कॅन चार तुकड्यांत येतो, तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असतात. कॅमेरा या बाजूकडून त्या बाजूकडे फिरत चित्र घेई, त्यामुळे पट्टीच्या टोकांकडची जमीन चित्रात आकसते. मधल्या भागात बसणारं माप टोकाला चालत नाही. मग चित्रातली एक खूण आणि 'भारतीय सर्वेक्षण'च्या ५६ आय नकाशातली तीच खूण, अशा जोड्या लावत जायचं. नवखा माणूस सगळ्या जोड्या आदिलाबाद शहरातच लावतो, कारण ओळखीचं सगळं तिथेच. शहर नेमकं बसतं आणि इंद्रवेल्लीकडची गावं भलतीकडेच सरकतात. खुणा चारी कोपऱ्यांत पसरून घ्याव्या लागतात, कोपऱ्यात जंगलच असलं तरी.

चित्र जागेवर बसलं की छापील प्रती घेऊन गावात जायचं. उटनूरच्या बाजूच्या एका पाड्यावर वनहक्क समितीची माणसं प्रतीभोवती वाकून बसली होती. एका म्हाताऱ्या पटलाने डोंगरावर बोट ठेवलं.

"हा तं खड्डा दिसते, सर."

बरोबर बोलले ते. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या उत्तरेला पडतात. उत्तर वर धरून पाहिलं की सावली डोंगराच्या वरच्या अंगाला येते आणि उजेड वरून पडतो असं धरून चालणाऱ्या डोळ्यांना डोंगराची दरी वाटते. मी कागद उलटा फिरवला. डोंगर वर आला.

"आता कसा!" पटेल म्हणाले आणि उतारावरचे फिकट तुकडे दाखवत कुणाचं पोडू, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, कुठे होतं ते सांगू लागले. एक काळा ठिपका मी विहीर समजत होतो. त्यांनी सांगितलं, ते मोहाचं झाड.

वनहक्क कायद्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा लागतो. कोरोनाचं चित्र त्याच्या कितीतरी आधीचं. मात्र शेत होतं एवढंच ते दाखवतं, नांगर कुणाचा होता ते दाखवत नाही. २०१२ साली सुधारलेल्या नियमांतही तेच आहे: उपग्रहचित्र इतर पुराव्याला जोड देऊ शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं म्हणणंही आहे. म्हणून पटलांनी सांगितलेलं त्यांच्यासमोरच लिहून, चित्राच्या क्रमांकाशी जोडून ठेवावं लागतं.

आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात. गावातली पोरं प्रतीचा फोटो काढतात, आपली शेतं तेवढी कापून व्हॉट्सॲपवर टाकतात. कड गेली की मोहिमेचा नि पट्टीचा क्रमांक गेला आणि त्यावरून कळणारी तारीखही गेली. उरतं एक करडं चित्र, १९६८ चंही म्हणता येईल आणि १९९८ चंही. विमानातून घेतलेल्या तेवीस सेंटिमीटर चौरस फ्रेमच्या काठावर घड्याळ आणि उंचीमापक एवढ्यासाठीच टिपलेलं असतं. आपल्याकडे हवाई चित्रांवर संरक्षण खात्याच्या परवानगीची अट बराच काळ होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे आणि भू-माहितीवरचे निर्बंध पुष्कळ सैल केले. दारं उघडतील तशी चित्रं हातोहात फिरणार.

आदिलाबादला याची निकड जास्त. १९५६ साली किनवट आणि राजुरा तालुके महाराष्ट्राकडच्या बाजूला गेले, २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार झाले. कागद इतक्या कचेऱ्यांत विखुरले की एका गावाचा इतिहास तीन ठिकाणी मागावा लागतो. चित्र मात्र अख्ख्या मुलखाचं एकाच वेळी घेतलेलं आहे. म्हणून मी आता प्रत देताना क्रमांक आणि तारीख शेतांच्या मधोमधच छापतो. चित्र थोडं खराब दिसतं, पण कुणी कसंही कापलं तरी तारीख जात नाही.