घरचा नंबर बाजारात जातो कुठून? नको असलेले फोन थांबवायचे कसे, समजून घ्या

पुणे : कांद्याची लागण चालू आहे, हात चिखलात आहेत आणि कमरेला बांधलेला फोन वाजतो. घाईघाईनं हात पुसून उचलावा, तर पलीकडून गोड आवाज येतो, "सर, पुण्याजवळ एनए प्लॉट आहे, सोपे हप्ते." तो ठेवला की तासाभरानं कर्जवाला, मग विमावाला. जुन्नरपासून इंदापूरपर्यंत कुणालाही विचारा, ही तक्रार घरोघरी ऐकायला मिळते.

यात नुसता वैताग असता तर सोडून दिलं असतं. पण आता बरेच जण अनोळखी नंबर उचलतच नाहीत. मग दवाखान्यातून आलेला फोन, मुलीच्या कॉलेजचा फोन किंवा बाजारातून आडत्यानं दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावलेला फोनही तसाच वाजून बंद होतो. म्हणून हे फोन कुठून येतात आणि ते थांबवण्यासाठी आपल्या हातात काय आहे, हे माहीत असलेलं बरं.

नंबर बाहेर जातो कसा?

पूर्वी पुण्याची टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे जाडजूड पुस्तक असायचं. त्यात नाव, पत्ता, नंबर सगळं छापलेलं असे, तरी कुणाला फारशी धास्ती नव्हती. एकेक नंबर हातानं फिरवायला माणूस आणि वेळ लागायचा. आता हजारो नंबरांची यादी कॉम्प्युटरमध्ये टाकली की फोन आपोआप लागत जातात. शिवाय आज घरचा एकच नंबर बँक खातं, आधार, गॅस, पीएम किसान, सगळ्याला जोडलेला असतो. त्रास होतो म्हणून तो सहजासहजी बदलताही येत नाही.

आणि हा नंबर चोरायला चोर लागतोच असं नाही. आपणच तो जागोजागी देत असतो. लक्ष्मी रोडला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो, बिल करताना दुकानदार म्हणाला "नंबर सांगा", आपण सांगितला. प्रदर्शनात स्टॉलवर लकी ड्रॉचं कुपन भरलं, त्यावर नाव, गाव, नंबर लिहिला. मोबाईलमध्ये फुकटचं ॲप घेतलं, त्यानं विचारलं "कॉन्टॅक्ट बघू का?" आणि आपण "हो" दाबलं. त्या एका "हो"नं फक्त आपलाच नाही, तर आपल्या मोबाईलमधल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांचा नंबर पुढे जाऊ शकतो.

सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे मुला-मुलींचा बायोडाटा. त्यात जन्मतारीख, शिक्षण, पगार, शेती किती, मामाचं गाव आणि खाली वडिलांचा मोबाईल. असा कागद दहा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की तो कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा नंबर आणि ग्रुपवर टाकलेला सातबाराचा फोटो यांचंही तसंच.

आधी नंबर ओळखायला शिका

देशातल्या टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे ट्राय. जाहिरातीच्या फोनबद्दल ट्रायचे २०१८ चे नियम आहेत आणि १२ फेब्रुवारी २०२५ ला ते आणखी कडक झाले. त्यानुसार:

- १४० नं सुरू होणारा नंबर : हा जाहिरातीचा, विक्रीचा फोन.
- १६०० नं सुरू होणारा नंबर : बँक, विमा कंपनी, सरकारी खातं यांचे कामाचे फोन यावरून यावेत, अशी व्यवस्था आहे. बँका टप्प्याटप्प्यानं यावर येत आहेत.
- साधा दहा आकडी मोबाईल नंबर : यावरून कुठल्याही कंपनीनं जाहिरात करायची नाही. तरीही कुणी प्लॉट, कर्ज विकत असेल तर तो नियम मोडतोय.

मेसेजचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'पी' अक्षर असेल तर ती जाहिरात. 'एस' म्हणजे सेवेची माहिती, 'टी' म्हणजे व्यवहाराचा मेसेज आणि 'जी' म्हणजे सरकारी.

पहिलं काम : १९०९

ज्या नंबरवर त्रास होतो, त्याच नंबरवरून १९०९ ला फोन लावा. फोन मोफत आहे. घरी लँडलाइन असेल तर तिची नोंदणी तिच्यावरूनच करा. मेसेज करायचा असेल तर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, मध्ये जागा सोडून, शून्य टाका आणि १९०९ ला पाठवा. यालाच डीएनडी म्हणतात. ट्रायच्या डीएनडी ॲपवरून किंवा आपल्या सिमकार्ड कंपनीच्या ॲपमधूनही हे होतं.

सगळंच बंद करायचं नसेल तर हवं तेवढं चालू ठेवता येतं. बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, गाड्या आणि घरगुती वस्तू, पर्यटन असे वेगवेगळे गट आहेत. नको तो गट बंद करा. बँकेचा ओटीपी, खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज यांना यानं काही धक्का लागत नाही.

"डीएनडी केलं, तरी फोन येतात!"

ही तक्रार खरी आहे आणि त्याची कारणं दोन.

एक म्हणजे, आपण एखाद्या कंपनीला "मला माहिती पाठवा" अशी परवानगी दिलेली असली तर डीएनडी असूनही ती कंपनी फोन करू शकते. ही परवानगी बहुतेक वेळा फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात, चौकोनात आधीच खूण केलेली असते. ती परवानगी काढून घेता येते. काढल्यावर ९० दिवस त्या कंपनीला पुन्हा परवानगी मागता येत नाही.

दुसरं म्हणजे, साध्या मोबाईलवरून फोन करणारे लोक डीएनडीची यादी बघतच नाहीत. त्यांच्यावर एकच उपाय, तक्रार. नेमकं हेच आपण करत नाही. फोन ठेवतो, चार शिव्या घालतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरतो. ब्लॉक केल्यानं फोन आपल्यापुरता थांबतो. तोच माणूस पुढच्या मिनिटाला शेजारच्या काकांना लावतो.

पाच जणांची तक्रार

नवीन नियम इथे आपल्या कामाचा आहे. दहा दिवसांच्या आत पाच वेगवेगळ्या ग्राहकांनी एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार केली, तर कंपनीला कारवाई सुरू करावी लागते. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद. पुन्हा केलं तर त्याची सगळी कनेक्शन वर्षभर तोडायची आणि त्याला काळ्या यादीत टाकायचं.

तक्रार फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करा. १९०९ ला किंवा ॲपवर फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि तो काय विकत होता एवढं सांगायचं. साध्या मोबाईल नंबरवरून विक्री करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आता डीएनडीची नोंदणी असण्याचीही अट नाही. अशा तक्रारीवर पाच दिवसांत कारवाई व्हावी, असं नियम सांगतो.

एकाच वस्तीवर, एकाच ग्रुपमध्ये तोच प्लॉटवाला फोन करत असतो. "मलाही आला होता" एवढं ग्रुपवर लिहून थांबू नका. नंबर आणि तारीख लिहा आणि पाच जणांनी आपापल्या फोनवरून तक्रार करा. तो नंबर बदलून पुन्हा येईलही. पण दर वेळी कनेक्शन तुटलं की धंदा महाग पडतो.

नंबर देताना हात आखडता घ्या

- दुकानात नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ग्राहकावर अशी सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. वॉरंटीसाठी किंवा घरपोच मालासाठी नंबर लागतो, ती गोष्ट वेगळी.
- दोन सिमचा मोबाईल असेल तर बँक-आधारचा नंबर वेगळा ठेवा. दुकान, ॲप, जाहिरात यांना दुसरा द्या.
- बायोडाटा ग्रुपवर टाकताना नंबर काढा. स्थळ पटलं तर नंबर मागून घेतीलच.
- नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरसारख्या ॲपच्या यादीतून आपला नंबर काढता येतो. तशी सोय त्यांच्या वेबसाइटवर आहे. आपण ते ॲप वापरत असू, तर आधी खातं बंद करावं लागतं.
- टॉर्च, कॅलेंडरच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला लागतात? मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी बंद करा.

विक्रेता वेगळा, ठग वेगळा

प्लॉट विकणारा वेळ खातो, ठग खातं रिकामं करतो. "डीएनडी चालू करून देतो, ओटीपी सांगा" असं म्हणणाराही ठगच. डीएनडीसाठी कुणीही आपणहून फोन करत नाही. "तुमचं सिम बंद होणार" असे फोन ट्राय कुणाला करत नाही. नंबर १६०० चा दिसला तरी ओटीपी आणि पिन सांगायचा नाही.

फोन संशयास्पद वाटला, पण पैसे गेले नाहीत, तर केंद्र सरकारच्या संचार साथी ॲपवर 'चक्षू' या सोयीत कळवा. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

घरातल्या आजी-आजोबांचा फोन आज संध्याकाळी हातात घ्या आणि त्यावरून १९०९ लावून द्या. दिवसभर घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसालाच हे फोन जास्त गाठतात. "बाळा, कोण होतं ते?" असं विचारायला त्यांच्याजवळ त्या वेळी कुणी नसतं.