फटफटीचं दुखणं, बाबांची पाठ

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहान पोरांच्याही तोंडी असते. पण संध्याकाळी बाबा कामावरून येतात, गाडी स्टँडला लावतात आणि कमरेवर हात ठेवून “आई गं!” म्हणतात, तेव्हा हा पाळणा गेला कुठं, असा प्रश्न पडतो ना? “रस्तेच खराब, काय करणार?” असं म्हणून आपण मोकळे होतो. पण दोस्तांनो, रस्ता आपल्या हातात नसला तरी गाडी आहे ना! पाठीचं थोडं दुखणं तरी गाडीतच दडलेलं असतं. चला, ते शोधून काढू.

पेटलेली बैठक

पहिल्या फटफटीची तर गंमतच होती. १८८५ साली जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. सांगाडा लाकडी, चाकं लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव, अगदी आपल्या बैलगाडीसारखी! डाइमलरचा सोळा वर्षांचा मुलगा पाउल ती घेऊन निघाला. इंजिन नेमकं बैठकीच्या खाली. सांगतात, की वाटेत बैठकच पेटली!

पुढं १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेले टायर बसवले. मुलाला हादरे बसू नयेत, एवढाच हेतू. आज सगळं जग त्या हवेवर पळतंय. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला, बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला तो १९८५ साली. डाइमलरच्या त्या फटफटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी!

आधी हवा बघा

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. का? गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. मग काटा खोटं बोलतो. किती हवा हवी, ते गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा गाडीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. सहसा मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त आणि मागं कुणी बसणार असेल तर आणखी थोडी जास्त. हवा कमी असली की हँडल जड होतं, टायर दबून तापतो. हवा फार झाली की खडीचा प्रत्येक दगड पाठीला सांगून जातो. पंक्चरवाल्या काकांकडं “भरा किती पण” म्हणू नका, आकडा सांगा.

स्प्रिंगचे खाचे

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे शॉकअप दिसतात ना? बऱ्याच गाड्यांत त्यांच्या खाली खाचे असलेली कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग जास्त किंवा कमी दाबली जाते. बाबा एकटेच जाणार असतील तर नरम खाचा. मागं आई किंवा मोसंबीची पाटी असेल तर कडक. एकट्या माणसाला कडक स्प्रिंग नीट दबतच नाही, मग हादरा सरळ मणक्यात! उलट, दोघांना नरम स्प्रिंग पूर्ण दबते आणि खड्ड्यात ‘खट्ट’ आवाज येतो. मात्र दोन्ही बाजूंचा खाचा एकच हवा, नाहीतर गाडीचा तोल बिघडतो.

बाबा, जरा बसा बघू!

गाडी बंद करून मधल्या स्टँडवर लावा. बाबांना रोजच्यासारखं बसायला सांगा आणि बाजूनं नीट बघा. कोपर थोडं वाकलेलं आहे का? क्लचवर बोटं ठेवली की मनगट हाताच्या सरळ रेषेत राहतं की मुडपतं? मुडपत असेल तर लिव्हरचा नट ढिला करून तो जरासा वर किंवा खाली फिरवता येतो. पाय न उचलता ब्रेकच्या पायट्यावर पंजा पोहोचतो का? आरशात मागचा रस्ता दिसतो, की बाबांचंच खांदं? हे बदल छोटे, पण बदनापूरहून जालन्याच्या कारखान्यात रोज ये-जा करणाऱ्या माणसाला फरक संध्याकाळी कळतो.

चेन आणि काळी माती

आपली काळी माती पावसात मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि उन्हाळ्यात फुफाटा होऊन चेनला चिकटते. तेल संपलं की चेन कुरकुरते. ढिली चेन गचके देते, एखाद्या दिवशी उतरते आणि चाक जाम झालं तर माणूस रस्त्यावर! फार ताणलेली चेनही वाईट. चाक खड्ड्यात वर-खाली होताना ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते.

तपासायचं कसं? इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चेनवर झाकण असेल तर त्याचं रबरी बूच काढा. कंपासपेटीतली पट्टी धरा आणि खालची चेन मधोमध वर-खाली हलवा. बऱ्याच गाड्यांत हा खेळ दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, पण खरा आकडा माहितीपुस्तकातलाच. ताण बदलायचं काम मात्र बाबांचं किंवा मेस्त्रीचं. चाक दोन्ही बाजूंनी सारखं सरकायला हवं आणि नंतर मागचा ब्रेक पुन्हा तपासायला हवा. आणि हो, इंजिन चालू असताना चेनजवळ बोट कधीच नाही! सायलेन्सर गरम असतानाही हात दूर.

मागं बसणाऱ्यांचं काय?

मागच्या चाकाजवळची जाळी, म्हणजे साडीगार्ड, नुसती शोभेची नाही. ओढणी किंवा पदर चाकात गेला तर क्षणात माणूस खाली येतो. लहान मुलांच्या टाचा तारांत अडकून मोठ्या जखमा होतात. म्हणून पाय फूटरेस्टवर टेकलेच पाहिजेत. कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागं एकालाच बसता येतं आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, अगदी शाळेपर्यंत जायचं असलं तरी. गिअरची गाडी चालवायला वय अठरा पूर्ण हवं. त्याआधी नाही, शेतापर्यंतसुद्धा नाही!

मग या रविवारी काय करायचं? फडकं घ्या, पट्टी घ्या, आकडे वहीत लिहा. ‘हवा, चेन, ब्रेक, दिवे, साडीगार्ड’ असे पाच रकाने पाडा आणि दर रविवारी भरा. गाडी चालवायचं वय अजून लांब आहे, पण गाडी ओळखायचं वय हेच! आणि सोमवारी संध्याकाळी बाबा घरी आले की मुकाट्यानं ऐका, ‘आई गं’ जरा हळू म्हणतात का ते.