लिंबाच्या वासाचा गांजा आणि मालेगावचा कांदा

ॲमस्टरडॅममध्ये ‘कॅनाबिस कप’ नावाची स्पर्धा भरायची. गांजाच्या वाणांची स्पर्धा! २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथं ‘सुपर लेमन हेझ’नं बाजी मारली. ‘टँजी’ नावाचंही एक वाण आहे, त्याला म्हणे संत्र्याचा वास. ज्या थंड, ओल्या मुलखात लिंबाचं झाड उघड्यावर हिवाळा काढत नाही, तिथल्या लोकांना लिंबाच्या वासाचा गांजा पिकवायची हौस! मालेगावच्या कसमादे पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं यावर हसून घ्यावं आणि मग पुढचं वाचावं, कारण यात त्याच्या ओळखीचं बरंच काही आहे.

वास कुणाचा, नाव कुणाचं

संत्र्याची ताजी साल दिव्याच्या ज्योतीजवळ धरून दुमडली की तुषार उडतात आणि तडतड पेट घेतात. हाच तुषार थर्माकोलवर पडला तर थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. ही करामत लिमोनीनची. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. लिमोनीन गांजाच्या फुलातही सापडतं, म्हणून कैक वर्षं सगळे म्हणत आले, की लिंबाचा वास येतो तो त्याच्यामुळेच.

पण लिंबालाच विचारा. लिंबाच्या सालीत लिमोनीन भरपूर असलं तरी नाकाला ‘लिंबू’ म्हणून जे पटतं ते मुख्यतः सिट्रालमुळं. आपल्या परसातल्या गवती चहाच्या तेलात हे सिट्राल भरभरून असतं, म्हणून पावसाळ्यात चहात चार पाती टाकली की लिंबू न पिळता लिंबाचा भास होतो.

गांजाचं प्रकरण आणखी मजेशीर. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं, की त्याचा तो कुबट, उग्र दर्प गंधकाच्या संयुगांमुळं येतो. २०२३ मध्ये त्याच मंडळींनी पुढचा धक्का दिला: गांजाला येणाऱ्या लिंबू-संत्र्यासारख्या वासामागंही नाममात्र प्रमाणातली गंधकाचीच संयुगं आहेत. काही वाणांत स्कॅटोलही सापडलं. विष्ठेचा वास ज्यामुळं येतो ते हे स्कॅटोल. आणि संत्र्याच्या मोहोरातही ते चिमूटभर असतं. सुगंध आणि दुर्गंध यांच्यात फरक मात्रेचाच, हे अत्तरवाल्यांना आधीच ठाऊक होतं.

भांग चढली की लिंबू चाटवा, हा आपल्याकडचा जुना उतारा. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वीस जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला: गांजात नशा आणणाऱ्या टीएचसीच्या वाफेबरोबर लिमोनीनची वाफ दिली, तर धास्ती आणि घाबरगुंडी कमी होते. नुसत्या लिमोनीननं काहीच फरक पडला नाही. अर्थात प्रयोगात वाफ होती, सरबत नव्हतं. तेव्हा आजीबाईचा बटवा जिंकला असं जाहीर करायची घाई नको.

रात्र मोजणारं झाड

आता खरी गंमत. गांजाचं झाड फुलावर येतं ते रात्र पुरेशी लांबली की. म्हणजे झाड उजेड नाही, सलग अंधार मोजतं. मालेगावात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला जेमतेम अकराचा. ॲमस्टरडॅमला हेच आकडे पावणेसतरा आणि पावणेआठ. तिथं रात्री पुरेशा लांबेपर्यंत ऑगस्ट सरत येतो. फूल पिकायच्या सुमाराला थंडी, पाऊस आणि करडी बुरशी दारात उभी! उष्ण मुलखातून आलेली वाणं तर फुलायला आणखी सावकाश. म्हणून डच लोक काचगृहात शिरले. सूर्य डोक्यावर असतानाच काळे पडदे ओढून झाडाला खोटी रात्र दाखवतात आणि हिवाळ्यात दिव्यांनी खोटा दिवस. दुसरी पळवाट रशियाकडची. १९२४ मध्ये तिथल्या यानिशेव्स्कीनं ‘रुडेरालिस’ नावाच्या खुज्या रानटी गांजाचं वर्णन केलं. तो रात्र-बित्र मोजत नाही, वय झालं की फुलतो. थंड देशांसाठीची आजची झटपट वाणं त्याच्याच संकरातली.

हे गणित मालेगावला नवं नाही. हॉलंडमधल्या कांद्याचं बी आणून आपल्या वावरात टाकलं तर हिरवीगार पात मिळेल. गड्डा बसायला त्याला चौदा-पंधरा तासांचा दिवस लागतो आणि तो आपल्याकडं उजाडतच नाही. उलट निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेला एन-५३ काय किंवा आपला उन्हाळ कांदा काय, सगळे छोट्या दिवसाचे गडी. (डेंगळे निघतात ते मात्र थंडीच्या कडाक्यानं, त्यासाठी घड्याळाला बोल लावू नये.) शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात, तेही झाडाची रात्र मोडून फूल लांबवायलाच.

आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं कुठल्या झाडावर? गांजा आणि त्याचं चुलत भावंड हॉप्स यांच्यावर! पॅरिसमध्ये १९१२ च्या सुमारास ज्युलियन तुर्नवा या तरुणाला दिसलं, की दिवस आखूड केला की ही झाडं लवकर फुलतात. पुढं महायुद्ध पेटलं आणि तो त्यात मारला गेला. शोधाचं श्रेय १९२० मध्ये तंबाखूवर प्रयोग करणाऱ्या गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकनांना मिळालं. मला हे अन्यायाचंच वाटतं.

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेल. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन बांधावी, तसं काही हौशी लोकांनी गांजाच्या खुंटावर हॉप्सचं कलम बांधलं. कायदेशीर दिसणाऱ्या वेलीत नशा उतरेल ही आशा. १९७५ मध्ये तपासणी झाली. काही उतरलं नव्हतं.

नगरचा गांजा, सरकारचा हिशोब

इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १,१९३ साक्षीदार तपासले आणि निष्कर्ष काढला, की बेतानं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, बंदी नको, कर लावा. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची शेती मुख्यतः नगर जिल्ह्यात होत असे. सगळी मेहनत नर झाडं उपटण्यात. एक जरी नर राहिला तरी परागीभवन होऊन मादीच्या फुलात बी धरतं आणि राळ घटते. बंगालात हे ओळखणारे खास जाणकार असत. इंग्रज त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं चित्र पालटलं. त्यातही एक वकिली खाच आहे: गांजा म्हणजे फुलोरा; बी आणि पानं शेंड्याबरोबर नसतील तर ती त्या व्याख्येत बसत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती केंद्राच्या तडाख्यातून निसटली; पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तिलाही परवान्याच्या दावणीला बांधलं आहे. बिया तर थेट स्वयंपाकघरात पोचल्या. नोव्हेंबर २०२१ पासून हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, बिया, तेल आणि पीठ यांना केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता आहे. उत्तराखंडानं २०१८ मध्येच धाग्यासाठी लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली, अट एवढीच, की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

शेंड्यासाठी झाड लावणाऱ्याला मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. तरी मालेगावच्या वर, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला मका-तुरीच्या आड दडवलेलं पीक पोलीस दर हंगामात उपटतातच.

ज्यांना तसलं पान नुसतं बघायचंच आहे त्यांनी भाजी बाजारात जावं. अंबाडीचं पंजासारखं पान गांजाच्या पानाशी इतकं मिळतं, की शास्त्रज्ञांनी तिला हिबिस्कस कॅनाबिनस असं नाव देऊन टाकलं. नातं मात्र भेंडीशी. आंबट इतकी, की लिंबू लागत नाही. कण्या घालून शिजवावी, वरून लसणाची फोडणी, आणि शेजारी ज्वारीची भाकरी.