रात्र कोणाची? ब्रिस्बेनच्या एका जुन्या पेठेतील वाद

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून रात्रीचा वेळ प्रतिक्रमण, स्वाध्याय आणि विश्रांतीला देणाऱ्या घराला ‘रात्रजीवन’ हा शब्दच परका वाटतो. तरीही व्यापारी घराण्यांना हा विषय टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. पेढीच्या माडीवरचा संसार उंच इमारतींतील सदनिकांत गेला. काही घराणी बांधकाम व्यवसायात उतरली. अनेकांची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी शहरांत भाड्याची घरे शोधू लागली. जुन्या, गजबजलेल्या, रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या पेठेत नव्या सदनिका उभ्या राहिल्या, तर तेथे येणाऱ्याच्या झोपेला अधिक मान द्यावा की आधीपासून चालत आलेल्या व्यवसायाला? ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराने या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज दिली आहे. तेथे काढलेला तोडगा आपल्याही शहरांना विचार करायला लावणारा आहे.

कापडपेठ ते संगीतपेठ

ब्रिस्बेनच्या मध्यवर्ती भागाला लागून ‘फॉर्टिट्यूड व्हॅली’ नावाची पेठ आहे. स्थानिक लोक तिला नुसते ‘व्हॅली’ म्हणतात. जानेवारी 1849 मध्ये ‘फॉर्टिट्यूड’ नावाचे जहाज येथे आले, त्यावरून हे नाव पडले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ धैर्य असा होतो. ते धैर्य जहाजातून उतरणाऱ्यांना लगेचच दाखवावे लागले. जॉन डनमोर लँग या धर्मोपदेशकाने प्रवासाच्या पैशाच्या मोबदल्यात जमीन मिळेल असे आश्वासन त्यांना दिले होते. परंतु त्या आश्वासनाला सरकारची मंजुरी नव्हती. जमीन मिळाली नाही आणि मंडळींना उघड्यावर तळ ठोकावा लागला. मंजुरीपूर्वीच घराची स्वप्ने विकण्याची कला किती जुनी आहे, याचा हा एक दाखला!

पुढे या पेठेचा उत्कर्ष झाला तो कापडव्यापाऱ्यांमुळे. आयर्लंडहून आलेले टी. सी. बेर्न यांनी येथे मोठे वस्त्रभांडार उभारले. काही काळ त्यांच्यासोबत व्यवसायात असलेले जेम्स मॅकव्हर्टर यांनी नंतर समोरच आपली स्वतंत्र पेढी थाटली. या दोन पेढ्यांच्या स्पर्धेने पेठ फुलली. शहरभरातून ट्रामने गिऱ्हाईक येत असे. मग काळ फिरला. 1957 मध्ये चर्मसाइड या उपनगरात मोटारींसाठी प्रशस्त वाहनतळ असलेले नव्या धर्तीचे खरेदी केंद्र सुरू झाले आणि 1969 मध्ये ट्राम कायमची बंद झाली. गिऱ्हाईक उपनगरांकडे वळले. मोठ्या पेढ्या मिटल्या, भाडी घसरली आणि रिकाम्या माड्यांवर बेकायदा जुगारअड्डे व अनैतिक धंदे आले. 1987 ते 1989 या काळात चाललेल्या फिट्झगेराल्ड चौकशीने त्या धंद्यांना पोलिसांचे संरक्षण कसे होते, हे उघडकीस आणले.

या पडझडीतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. स्वस्त जागा मिळाल्यामुळे तरुण वादक आणि गायक या पेठेत आले. जुन्या इमारतींमध्ये संगीताची छोटी सभागृहे सुरू झाली. 1992 मध्ये दोन महिलांनी ॲन स्ट्रीटवर सुरू केलेले ‘द झू’ हे त्यांपैकीच एक. दहा-पंधरा वर्षांत ही पेठ संगीतासाठी देशभर ओळखली जाऊ लागली.

तक्रारींचा काळ

याच सुमारास, 1991 मध्ये, महापालिकेने या परिसराच्या पुनरुज्जीवनासाठी विशेष कृतिदल नेमले. ओस पडलेल्या मध्यवर्ती भागात माणसे पुन्हा राहावीत, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. नदीकाठची लोकरीची जुनी गोदामे सदनिकांमध्ये रूपांतरित झाली. मॅकव्हर्टर यांच्या भव्य वस्त्रभांडाराच्या वरच्या मजल्यांवरही घरे झाली. पेठेचे चैतन्य आवडले म्हणून लोकांनी घरे घेतली आणि पहिल्या शनिवारी रात्री त्या चैतन्याचा आवाज उशाशी आला.

तक्रारी सुरू झाल्या. एखाद्या रहिवाशाच्या तक्रारीवरून सभागृहाचा परवाना अडचणीत येऊ शकत होता. ध्वनिरोधक भिंतींचा खर्च छोट्या चालकाला झेपणारा नव्हता. ज्या संगीतामुळे पेठेला पुन्हा किंमत आली, तेच संगीत त्या वाढलेल्या किमतीमुळे हद्दपार होण्याची वेळ आली.

येथे ध्वनीचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागते. उच्च स्वर भिंतीने बऱ्याच अंशी अडतो. पण ढोल आणि बास गिटार यांचा खर्जातला दणका भिंती, तावदाने आणि छत यांतून आरपार जातो. शब्द ऐकू येत नाहीत, फक्त छातीत धडधड जाणवते. साध्या बांधकामाच्या सदनिकेत त्यावर उपाय नसतो. तो बांधतानाच करावा लागतो; नंतर केला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

2006 चा तोडगा

महापालिकेने 2004 मध्ये या पेठेसाठी संगीत आणि निवास यांचा मेळ घालणारी योजना आखली. तिच्या आधारे 2006 मध्ये पेठेला ‘विशेष मनोरंजन क्षेत्र’ असा दर्जा देण्यात आला. ऑस्ट्रेलियात असे प्रथमच घडत होते. त्यात दोन्ही बाजूंवर बंधने आली. सभागृहांनी ध्वनिवर्धकावरील संगीतासाठी महापालिकेची परवानगी घ्यायची आणि ठरवून दिलेली आवाजाची मर्यादा पाळायची. नव्या निवासी इमारतींनी बाहेरचा आवाज, विशेषतः खर्जातला, आत येणार नाही अशा भिंती, तावदाने आणि दारे आपल्या खर्चाने बसवायची. येथे राहायला येणाऱ्याला येथे रात्री संगीत असते हे गृहीत धरावे लागणार होते.

हेच तत्त्व पुढे ‘बदल घडवणाऱ्याची जबाबदारी’ म्हणून अनेक ठिकाणी स्वीकारले गेले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये ते आपल्या नियोजन नियमांत आणले. त्याच वर्षी लंडनमध्ये एक बोलके प्रकरण निकाली निघाले. 1991 पासून एका जुन्या बस आगारात चालणाऱ्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ या क्लबसमोर निवासी मनोरा प्रस्तावित होता. वर्षानुवर्षांच्या वादानंतर विकासकाने क्लबच्या तत्कालीन आवाजाला कायदेशीर सुविधाधिकार म्हणून मान्यता दिली. तो करार पुढील सदनिकाधारकांवरही बंधनकारक ठरला. दस्तऐवज वाचणाऱ्यांना यातील मर्म लगेच कळेल: आवाज हा जमिनीवरील एक बोजा मानला गेला आणि तो कागदावर आला.

अनेकांताच्या कसोटीवर

तोडगा निघाला म्हणजे वाद संपला असे नाही. प्रत्येक पक्षाच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि तो पाहण्याची सवय जैन परंपरेने आपल्याला लावली आहे.

सदनिकाधारक म्हणतो, ‘ब्रिस्बेनची हवा दमट आणि उष्ण. खिडक्या बंद ठेवल्या तरच आवाज थांबणार असेल, तर मी वातानुकूलन यंत्रावर किती काळ जगायचे? सज्जा तर माझा असून नसल्यासारखा.’ विकासक म्हणतो, ‘शहरात घरांची टंचाई आहे. जाड तावदानांचा खर्च शेवटी ग्राहकाच्या माथी पडतो आणि घर महागते.’ सभागृहाचा चालक म्हणतो, ‘आम्ही आधीपासून येथे आहोत. पेठेचे नाव वापरून घरे विकायची आणि मग आम्हालाच घालवायचे, हा कोणता न्याय?’ आणि मध्यरात्री मद्यपींच्या गोंगाटाने जागा होणारा वृद्ध भाडेकरू म्हणतो, ‘संगीत भिंतीआड असेल, पण रस्त्यावरच्या आरडाओरड्याचे काय?’ या शेवटच्या तक्रारीत मोठे तथ्य आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या गर्दीतून हिंसा उद्भवते, म्हणून क्वीन्सलँड सरकारला 2016 मध्ये अशा क्षेत्रांतील मद्यविक्रीवर रात्री तीनची मर्यादा घालावी लागली. मद्यत्यागाचा संस्कार असलेल्या वाचकाला ही मर्यादाही सैलच वाटेल.

‘आधी कोण आले’ ही कसोटीही वाटते तितकी सोपी नाही. सभागृहांच्या आधी कापडव्यापारी होते, त्यांच्या आधी जहाजातून आलेले वसाहतवाले आणि त्यांच्याही आधी हजारो वर्षे येथे राहणारे आदिवासी. म्हणून या तत्त्वाचा नीट अर्थ घ्यायला हवा. पेठेत सर्वांत जुना कोण, असे ते विचारत नाही. आज बदल कोण घडवत आहे, एवढेच ते विचारते. उद्या सभागृहानेच गच्चीवर नवे ध्वनिवर्धक लावले, तर बदल घडवणारा तो ठरेल आणि शेजाऱ्याची झोप सांभाळण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर येईल.

नियमालाही मर्यादा असतात. ‘द झू’ हे सभागृह तक्रारींच्या काळातून तगले. पण वाढता खर्च आणि बदललेल्या सवयी यांपुढे टिकले नाही. 2024 मध्ये ते बंद झाले. कायदा शेजाऱ्यापासून संरक्षण देऊ शकतो, तोट्यापासून नाही, हे कोणाही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मंदिराची घंटा आणि माहितीपत्रक

हा सारा प्रपंच दारूच्या गुत्त्यांसाठी आहे, असे म्हणून विषय बाजूला सारता येईल. परंतु 2018 मध्ये इंग्लंडने आपल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात हे तत्त्व घातले, तेव्हा संरक्षण देण्याजोग्या आस्थापनांत संगीतसभागृहांबरोबर प्रार्थनास्थळांचाही उल्लेख केला. याचा अर्थ लक्षात घ्यावा. जुन्या मंदिराशेजारी नवा मनोरा उभा राहिला आणि पहाटेच्या घंटेविरुद्ध तक्रार आली, तर मंदिराला ज्या तत्त्वाचा आधार घ्यावासा वाटेल, तेच तत्त्व दुसऱ्याच्या बाबतीतही मान्य करावे लागते. आपल्याला अप्रिय असलेल्या व्यवसायालाही न्यायाचे माप तेच लावायचे, ही समदृष्टीची परीक्षा आहे.

आपल्याकडे या वादाची चाहूल केव्हाच लागली आहे. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात उपाहारगृहे आणि निवासी मनोरे शेजारी-शेजारी उभे राहिले. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल्सच्या आगीत 14 जणांचे प्राण गेले, तेव्हा अशा वापरबदलातील बेफिकिरी सर्वांना दिसली. जानेवारी 2020 मध्ये राज्य सरकारने मुंबईत दुकाने, मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा दिली, ती अनिवासी क्षेत्रांपुरती. पण ज्या शहरात पेढीच्या माडीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, तेथे निखळ अनिवासी क्षेत्र शोधायचे कोठे? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी क्षेत्रात 45 आणि व्यापारी क्षेत्रात 55 डेसिबल ही मर्यादा आहे. दहाचा हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात ध्वनीची तीव्रता दहापट होते. जुन्या पेठांत एकाच इमारतीत दुकान आणि घर असते. तेथे कोणती मर्यादा लावायची, यावरच वाद जुंपतो.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या हाती असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. घर घेणाऱ्या कुटुंबाने रविवारी सकाळी नमुना-सदनिका पाहून बयाणा देऊ नये. शनिवारी रात्री अकरा वाजता त्याच जागी जाऊन अर्धा तास उभे राहावे. पंचवीस वर्षांच्या हप्त्यांपुढे तो अर्धा तास काहीच नाही. बांधकाम व्यावसायिकाने शेजारी काय आहे, केव्हापासून आहे आणि किती वाजेपर्यंत चालते, हे करारात लिहून द्यावे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे मापतोल आणि भेसळ यांची गणना होते. माहितीपत्रकात दिवसाची छायाचित्रे छापून रात्र झाकणे, हा त्याच जातीचा दोष आहे. दुकान वा उपाहारगृह चालवणाऱ्यानेही प्रयोजनाविना होणारी हिंसा टाळण्याचे व्रत आठवावे. वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलाची आणि आजारी वृद्धाची झोप मोडून धंद्यात एक रुपयाही वाढत नसतो.

जहाजातून उतरलेल्या त्या मंडळींना 1849 मध्ये जमीन मिळाली नाही, कारण आश्वासन देणाऱ्याने खरी स्थिती सांगितली नव्हती. दीड शतकानंतर त्याच पेठेत सदनिकाधारक फसले, तेही काहीसे याच कारणाने. ब्रिस्बेनने अखेर जाड तावदाने बसवली आणि आवाजाची मर्यादा ठरवली. आपण सुरुवात खऱ्या माहितीपासून करू शकतो. तिला जाड तावदानांइतका खर्चही येत नाही.