बंदुकीला मुसकं कशाला?

मळणीला जुंपलेल्या बैलाला मुसकं घालतात, कारण त्याने धान्यात तोंड घालू नये. रायफलच्या नळीच्या तोंडावर बसवायच्या मुसक्यांची कारणं मात्र नाना तऱ्हेची. गंमत म्हणजे गोळीला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. लागतं ते आपल्या डोळ्यांना, कानांना आणि खांद्याला!

सुरत-धुळे महामार्गावरच्या विसरवाडीतल्या एखाद्या शेतकऱ्याने रानडुकरांपासून पीक राखायला बंदुकीचा परवाना मागितला, तर १९५९च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. हिच्यात दारू आणि छर्रे तोंडातूनच भरायचे, वरून गजाने ठासायचे. मुसकं बांधलं तर बिचारी उपाशीच राहायची!

त्याच कायद्यात आणखी एक नवल. बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करणारं उपकरणसुद्धा तिथे 'अग्निशस्त्र' ठरतं. म्हणजे बंदूक नसताना कपाटात नुसता सायलेन्सर ठेवला, तरी कायद्याच्या लेखी ते शस्त्रच.

हा सायलेन्सर आला कुठून? बापाने धडधडणारी मॅक्सिम मशीनगन काढली आणि मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्या घरात शांतता कोणाला हवी होती, हे वेगळं सांगायला नको. पण सिनेमातलं ते 'फुस्स' विसरा. आवाजापेक्षा वेगाने निघालेली गोळी हवेत स्वतःचा कडाका काढतेच, तिला सायलेन्सर काय करणार?

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलची नळी साधारण २५ इंची, तोंडाला काही नाही. दुसऱ्या महायुद्धात तिचीच आखूड बहीण निघाली, 'जंगल कार्बाइन'. नळी छाटली, तशी न जळलेली दारू बाहेर येऊन पेटू लागली. अंधारात त्या जाळाने आधी दिपायचे ते चालवणाऱ्याचेच डोळे. म्हणून तिच्या तोंडाला नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर आला. हलकी झाल्यामुळे खांद्याला धक्का मात्र असा द्यायची की विचारू नका.

धक्क्यावरचा उतारा म्हणजे मझल ब्रेक. बोफोर्स तोफेच्या तोंडाशी दिसतो तो हाच. बाहेर पडणारा वायू बाजूला, थोडा मागे वळवायचा. धक्का कमी होतो. शेजारी उभ्या माणसाच्या कानांचं काय होतं, ते त्यालाच विचारा!

नळीला खरोखर हवा असतो तो फक्त नीटस कंगोरा. तोंडाच्या कडेला एका बाजूने टवका उडाला, की वायू तिकडून आधी निसटतो, गोळीच्या बुडाला तिरका रेटा बसतो आणि नेम बिघडतो. आतून साफ करताना गज वेडावाकडा घासला तरी हे होऊ शकतं.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकलं. या खेळाच्या नियमांत रायफलला मझल ब्रेक आणि तोंडाची उसळी दाबणारा कॉम्पेन्सेटर दोन्ही साफ मना. पुढे साधं नळकांडं जोडून माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, लांब नेता येते, पण त्या नळकांड्याला एक भोकही पाडायचं नाही. तरी अडतं कुठे? .२२च्या चिमुकल्या गोळीला धक्का तो कितीसा! नजर ठेवायची ती ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळावर.