आभाळातला तपासनीस

२५ नोव्हेंबर २०२५. सकाळीच वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाहून वहिनींचा फोन आला. "भावजी, ती ज्वालामुखीची राख आपल्याकडं येतीय म्हणं. खिडक्या लावून घेऊ का?"

वहिनींना दम्याचा जुना त्रास. बातमी मीही वाचली होती. ज्याच्या उद्रेकाची इतिहासात नोंद नव्हती, असा इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी २३ तारखेला फुटला. त्याचा लोट तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून गुजरात-राजस्थानवर आला आणि २४ च्या रात्री दिल्लीच्या आकाशात पोचला. काही विमानं रद्द झाली.

"लोट उत्तरेकडून चाललाय, तोही विमानांच्या उंचीवरून. बिनघोर राहा," मी म्हणालो. साताऱ्यातल्या घरात बसून एवढं ठामपणे सांगता आलं, ते उपग्रहांमुळे. माझ्या खिडकीतून दिसणारा अजिंक्यताराही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. पण तेव्हाचा धूर कुठे गेला, हे पाहायला कुणी नव्हतं.

ज्वालामुखीतला सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. मात्र तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण गिळतो. पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशात ते किती कमी भरले, हे उपग्रह मोजतो. आम्ही बँकेत रोकड मोजून तूट शोधायचो, तसंच. १९७८ साली सोडलेल्या निंबस-७ वरचं एक यंत्र खरं तर ओझोन मोजण्यासाठी होतं. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन फुटला, तेव्हा त्यानं हा वायूही पकडला. १९९१ मध्ये फिलिपाइन्सच्या पिनाटुबोचा लोट सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करताना दिसला. २०१७ मध्ये युरोपनं सोडलेला सेंटिनेल-५पी आज रोज अशी पाहणी करतो.

फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "ज्वालामुखीचं राहू द्या. शेजारच्या रानात काल पाचट पेटवलं, रातभर डोळ्याला डोळा नाही. ते दिसलं का तुमच्या उपग्रहाला?"

मी गप्प झालो.

दिसतं, पण नेहमी नाही. सुओमी-एनपीपी या अमेरिकी उपग्रहावरचं यंत्र ३७५ मीटरच्या चौकटीत आगीची ऊब टिपतं. त्यावरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनखात्याला मोबाइलवर वणव्याचे इशारे देते. यवतेश्वराच्या अंगाला उन्हाळ्यात रात्री वणव्याची तांबडी माळ दिसते, कोयना-चांदोलीचं जंगल वाळून कोळ होतं, तेव्हा ही सोय मोलाची. पण या उपग्रहाची फेरी दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराची. पाचट पेटतं दिवेलागणीला, वारा पडल्यावर. दोन तासांत रान काळं. आपले इन्सॅट छत्तीस हजार किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाला पाहतात, पण त्यांची उष्णता टिपणारी चौकट चार किलोमीटरची. एका फडाची आग त्यांना सहज हुलकावणी देते.

बँकेतही तपासनीस यायचे, त्या दिवशी वह्या चोख असायच्या. ते गेल्यावरचा कारभार शाखेतल्या माणसांच्या सचोटीवरच चाले.

शेजाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. लहानपणी पेटती चूड घेऊन आमच्या फडाभोवती मीच धावलोय. त्या धुरातच वहिनींचा संसार झाला. पाचट सरीत ठेवलं तर ओल टिकते, कुजून खत होतं, हे मीही फार उशिरा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेलो. शेजारी म्हणाला, "अण्णा, समजतं सगळं. पण खोडव्याला पाणी द्यायची घाई. कुट्टी करायच्या यंत्राचं भाडं कुणी द्यायचं?" प्रश्न रास्त होता. त्याच्या दुसऱ्या फडाला अजून तोड यायची होती. दादा म्हणाला, "निम्मं भाडं आम्ही घालतो." शेजारी "बघू" म्हणाला.

तोड आली. त्या फडात यंत्र फिरलं. पलीकडचे चार फड मात्र त्याच आठवड्यात पेटले. त्या रात्री वहिनींनी खिडक्या लावूनच घेतल्या. या वेळी मला विचारायला फोन केला नाही.