सूक्ष्मनियंत्रकाशी संवाद

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक. मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र प्रकल्पाने महाविद्यालयांत नेलेल्या 'फायर बर्ड ५' या यंत्रमानवात 'एटीमेगा २५६०' हा असाच नियंत्रक आहे. त्यात आज्ञावली भरण्यासाठी प्रोग्रामर सहा तारांनी जोडतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या, एक तालाची आणि एक रीसेटची. रीसेटची तार शून्य दाबावर धरली की नियंत्रक चालू काम सोडून नवी आज्ञावली स्वीकारण्यास सिद्ध होतो.

जोडणीपूर्वी वीज बंद करावी, पहिल्या पिनेची खूण जुळवावी आणि दाब ५ व्होल्ट की ३.३, हे पाहावे. काही प्रोग्रामर बोर्डाला वीज पुरवितात, काही केवळ दाब तपासतात. उलट जोडणीने बोर्ड जळू शकतो. घड्याळाचे फ्यूज बिट चुकले तर धडधाकट चिपही मुकी होते. बाहेरून ताल दिल्यास ती बहुधा पुन्हा बोलते.

डीबगर याहून पुढे जातो. १९९० साली प्रमाणित झालेल्या 'जेटॅग' जोडणीतून तो आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवितो व आतील आकडे दाखवितो. यंत्र कोठे चुकले, हे तर्काने न ठरविता थांबवून पाहणे, हीच विज्ञानाची रीत. मयेतील विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या हातांनी आत्मसात करावी.